ढोके मॅडम आणि उसने रंग

हीटमॅप रंगवण्याआधी इतवारीच्या कापडबाजारात जाणारी बाई अख्ख्या नागपुरात एकच, आमच्या ढोके मॅडम. कापडाचा तुकडा आणतात, स्क्रीनला लावतात आणि हुबेहूब तोच रंग उतरेपर्यंत 'आर' या संगणकाच्या भाषेत कोड लिहीत बसतात.

आमचं ऑफिस कापसावरच्या किडीची नोंद ठेवतं. ओळीत गावं, रकान्यात आठवडे. प्रत्येक आकड्याच्या जागी मॅडम रंगाचा चौकोन करतात; कीड जास्त तिथं रंग गडद; हाच हीटमॅप. प्रोग्रामचे आयते रंग त्यांना चालत नाहीत. "उसनं लुगडं हाय ते!"

सारख्या आकड्यांची गावं प्रोग्राम आपणहून शेजारी बसवतो. त्यावर तर त्या तडकतातच. "काहून रे बाबा? माह्या पंगतीत कोण कुठं बसन, ते मी ठरवीन!" आणि ती सोय बंद. अशा बाईच्या शेजारी माझं टेबल आहे.

मी उमरेडच्या विणकराचा मुलगा, घराण्यातला पहिला पदवीधर. हे कोणी विचारलं नाही तरी सांगतो. एक गोष्ट मात्र लपवली होती. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. अशात पाहुण्यांसमोर हीटमॅप समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. जमलं तर नोकरी कायम. साहेब मॅडमना म्हणाले, "लाल म्हणजे कीड, हिरवं म्हणजे ठीक. तसंच रंगवा."

पाहुणे आले त्या दिवशी पडदा उजळला, तर चौकोन फिक्या पिवळ्यापासून गडद निळ्यापर्यंत! एकेका गावावर बोट ठेवून मी छातीठोक बोललो.

पाहुणे गेल्यावर साहेब मॅडमवर घसरले. "लाल-हिरवं ठरलं होतं ना?"

"मले खुपून राहिलं होतं ते, सर. मले बोला. पण पोरगा बोलला कसा, ते पाहिलं का?"

"पाहिलं. त्याची कायमची ऑर्डर काढतो."

बाहेर येऊन मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

"तुले हिरवा तुकडा आणाले धाडलं, तू लाल आणला. अन् वरून म्हणे, विणकराच्या पोरानं दुकानदाराले काय विचारायचं!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"माह्या भावाचंही असंच हाय गा. दर राखीले आम्ही बहिणी त्याले राखीचा रंग विचारून हसत होतो. आता येतच नाही तो."

"त्यांना या हीटमॅपचा फोटो पाठवा ना."

मॅडमनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"तूच लिही गा. मले सुरुवात सुचून नाही राहिली."