पान नऊपर्यंतचा प्रिंटर

घरात प्रिंटर आणायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली: तो माहितीपुस्तिकेप्रमाणेच लावला जाईल आणि लावीन मी. (अट मीच घातली, मीच मान्य केली. बाकी कुणी ऐकतच नव्हतं.) प्रिंटर हवा होता बायकोला. मुलगी लहान असताना तिने ग्रंथालयातली नोकरी सोडली होती. आठ वर्षांनी आता तिला पुन्हा अर्ज करायचे होते.

मी सव्वीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. आमची एक शिस्त आहे. हातातलं पान निकाली निघाल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. तीच मी पुस्तिकेला लावली. रोज एक पान वाचायचं, त्याप्रमाणे करायचं, खाली सही आणि तारीख. पान तीनला चिकटपट्ट्या काढल्या, पान पाचला वायर जोडली, पान सातला कागद भरला. मुलगी म्हणाली की मैत्रिणीकडे प्रिंटर वीस मिनिटांत सुरू झाला. मी म्हटलं, तो टिकतो किती ते बघू.

पान नऊवर देखभाल होती. सफाईचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा. ठेवलं. यंत्र घुरघुरलं, खाकरलं आणि गप्प झालं. फार बरं वाटलं. सही करणार, तोच मनात आलं, देखभाल एकदाच करून भागेल कशी? दात आपण एकदाच घासतो का? झालं. पान नऊ काही निकाली निघेना. मी रोज सकाळी आंघोळ आटोपून प्रिंटर साफ करू लागलो. रविवारी दोनदा. पुस्तिका संपेपर्यंत कुणी काही छापायचं नाही, अशी सक्त ताकीदही देऊन ठेवली.

असे तीन आठवडे गेले आणि बायकोने फोनवर चौकशी केलेल्या एका ग्रंथालयातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी साडेदहाला, अर्ज आणि अनुभवाची माहिती सोबत आणावी. नऊ वाजता तिने ताकीद धुडकावून चार पानं छापायला दिली. चारही पानं डौलात बाहेर आली. इतका पांढरा कागद, कोरा असतानासुद्धा, मी पाहिला नव्हता.

मुलीने पुस्तिका ओढून घेतली आणि सरळ पान दहा उघडलं. (माझ्या सहीशिवाय!) तिथे लिहिलं होतं की सफाई फक्त छपाई पुसट आली तरच करावी, कारण दर सफाईला बरीच शाई खर्च होते.

बायको शांतपणे म्हणाली, "म्हणजे एक अक्षर न छापता आपली शाई संपली?"

"पण आतून अगदी स्वच्छ आहे," मी म्हटलं.

कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान अकराला उघडतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ वर्षं थांबलेली बाई, आणि तिचा अर्ज मी रोज सकाळी थोडा थोडा धुऊन टाकला होता. ती मात्र पेन घेऊन बसली आणि चारही पानं हाताने लिहून काढली. मी समास आखून देतो म्हटलं. तिने पेनानेच आतलं दार दाखवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

दुपारी ती आली ती हसतच. समितीने पहिलाच प्रश्न विचारला होता, आजच्या काळात हाताने लिहिलेला अर्ज कसा? तिने सगळं सांगितलं, पान एक ते पान दहा. अध्यक्षबाईंना डोळे पुसावे लागले म्हणे. नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि तुम्हालाही एकदा घेऊन या म्हणालेत."

मी सदऱ्याची कॉलर नीट केली. "ग्रंथालयाच्या प्रिंटरबद्दल सल्ला हवा असेल."

"नाही हो. असा माणूस खरंच असतो, यावर समितीतल्या दोघांचा अजून विश्वास बसत नाहीये."