कानाने पारखलेला घोडा

घड्याळजीच्या मते घोडा लंगडत होता. घोडेवाल्याच्या मते नव्हता. आणि घोडा स्वतः अर्धवट मिटल्या डोळ्यांनी भिंतीवरचं ऊन बघत उभा होता, जणू हा व्यवहार भलत्याच कुणाचा तरी चालला आहे.

घड्याळजीला लहानपणापासून घोड्याचा नाद. नाद म्हणजे काय, तर मनातल्या मनात. सगळा जन्म गेला दुकानाच्या खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून, स्टुलावर बसून. पण एखादा लंबक संथपणे हलू लागला की ह्याची स्वारी निघालीच कुठल्याशा गवताळ उतारावरून, लगाम सैल सोडून. आता दुकान पुतण्याच्या हाती दिलं होतं, घरामागचं आवार रिकामं पडलं होतं आणि बायकोनेही होकार दिला होता. तिची अट एकच: जनावर धडधाकट हवं, आजारी जिवाची उस्तवार ह्या वयात आपल्याच्याने व्हायची नाही. घड्याळजीने तसा शब्द दिला होता. इकडे घोडेवाला मुलीकडे कायमचा राहायला निघालेला. संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, असं त्याने बजावलं होतं.

घड्याळजीची पारखायची रीत न्यारी. घड्याळ बिघडलं की तो आधी डोळे मिटून टिकटिक ऐके आणि त्याच्या कानाला खोट बरोबर सापडे. तसाच त्याने दोर धरला, डोळे मिटले आणि घोड्याला घेऊन फरशीच्या गल्लीतून निघाला. टापांचा आवाज इतका गोड होता की क्षणभर त्याला पायाखाली गवत असल्यासारखं वाटलं. पण मग कानाला खटकलं. दर खेपेला एक टाप जरा रेंगाळत होती. "पुढचा उजवा," तो पडेल आवाजात म्हणाला.

घोडेवाल्याने फिरवून दाखवला, तर घोडा सरळ. घड्याळजी म्हणाला, ह्यात काहीतरी हातचलाखी आहे. नालबंदाला बोलावलं. त्याने नाल काढला, खूर तपासला, नाल पुन्हा ठोकला. घड्याळजीने परत फिरवला आणि घोडा परत लंगडला. मग गल्लीतल्या लोकांना राहवेना. बेकरीवाल्याने दोर धरला, तर घोडा त्याच्यासारखाच डुलत चालू लागला. पोस्टमनने धरला, तर लगबगीने पावलं टाकू लागला. लोक तोंडावर हात धरून हसत होते. घड्याळजी मात्र पायरीवर डोळे मिटून बसलेला. एका जनावराला इतके रोग कसे, हेच त्याला कळेना.

खरी गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. लहानपणी झाडावरून पडून घड्याळजीचा उजवा पाय मोडला होता आणि जुळताना जरासा आखूड जुळला होता. त्याच्या मते तो पाय केव्हाच बरा झाला होता. ह्या बाबतीत त्याच्या बायकोसमोर अवाक्षर काढायची कुणाची हिंमत नव्हती.

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सांधे दाबले, गुडघे वाकवले आणि घड्याळजीला म्हणाले, जरा फिरवून आणा बघू. घोडा निघाला. डॉक्टरांनी घोड्याचे पाय पाहिले, मग घड्याळजीचे पाहिले आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात घड्याळजीच्या बायकोने त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी गपचूप बॅग आवरायला घेतली.

"जनावरात काही दोष नाही," ते म्हणाले.

"मग लंगडतं का?"

"मायाळू आहे," म्हणाले आणि निघून गेले.

ऊन पिवळं होत आलं. घोड्याने घड्याळजीच्या खांद्यावर तोंड टेकलं आणि ऊन ऊन श्वास सोडला. घड्याळजीचे डोळे भरून आले. नको, तो घोडेवाल्याला म्हणाला, मी हिला शब्द दिलाय.

बायकोने दोर हातात घेतला आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागली. घड्याळजीने डोळे मिटले. तोच आवाज, तीच रेंगाळणारी टाप. ऐक, तुझ्याबरोबरही लंगडतोय, असं म्हणायला त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. घोडा उजवीकडे किंचित झुकत होता. त्याच्या शेजारून बायको चालली होती, तीही दर पावलाला तशीच झुकत होती.

ती वळून परत आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुझा पाय कधीपासून असा पडतोय?"

"लग्न झाल्यापासून."

घड्याळजी उठला. चार पावलं चालला आणि आपल्याच चपलांचा आवाज ऐकत उभा राहिला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सरळ चालायला गेला असतात," ती म्हणाली. "आणि मला आता दुसरं चालता येत नाही."

घोडेवाल्याने घसा खाकरून विचारलं, मग काय ठरलं म्हणायचं.

"ठरायचं काय त्यात," बायकोने दोर नवऱ्याच्या हातात दिला. "घरचाच आहे तो."