मागच्या सीटवरची बाई

थकवा ही आळशी माणसांनी काढलेली पळवाट आहे, असं अश्विन मेश्राम छातीठोकपणे सांगायचा. सौरपंपांच्या कंपनीत पस्तिशीच्या आत एरिया मॅनेजर झालेला माणूस, सांगणारच! हल्ली तो चहात साखरेऐवजी मीठ घालायचा आणि तो चहा पिऊनही टाकायचा, ही गोष्ट वेगळी.

त्या रविवारी वडशाला त्याच्या मेव्हण्याचं नाटक होतं. निघताना बायकोनं, म्हणजे नूतननं, त्याचा फोन सरळ आपल्या पर्समध्ये टाकला.

"मागचे दोन्ही नाटकं बुडवले तुमी. आजही आंगानं सोबत आन् डोक्यानं हापिसात असले, तं मी तिकडूनच माहेरी जाईन. मंग बसा पंपासंगं."

ती गंमत करत नव्हती. अश्विन हादरला. आज लक्ष फक्त बायकोकडे, त्यानं ठरवूनच टाकलं.

पण फोन पर्समध्ये गेला तरी हापिस डोक्यातच राहिलं. आरमोरीच्या अलीकडे, जंगलाच्या तोंडाशी, नूतन लहानूच्या टपरीवर भजी घ्यायला उतरली. अश्विन गाडीवर बसून मनातल्या मनात साहेबांना टार्गेट समजावत होता. मागं वजन पडलं आणि त्यानं गाडी सोडली.

हा वाघाचा रस्ता. इथं एकट्या माणसाला गाडीवर घ्यायला कुणी नाही म्हणत नाही, आणि बसणारेही फार विचारत बसत नाहीत. मागं बसली होती पुढच्या गावची म्हातारी रुखमाबाई.

बराच वेळ मागून शब्द नाही. बायको रुसली, अश्विननं ताडलं. मग तो पुढं बघतच बोलायला लागला.

"खरं सांगू? मी थकलो. झोप लागत नाई. मिटिंगमधी काय बोलून राह्यलो तेच समजत नाई. परवा हापिसाच्या जिन्यात रडलो, कोनाले सांगितलं नाई. तू माहेरी जाऊ नको. मी सुट्टी मागतो."

पाठीवरून एक हात फिरला. अश्विनचे डोळे भरून आले.

"माग बाप्पा, सुट्टी माग," मागची बाई म्हणाली. "पन मले इथीच उतरव. माहं गाव आलं."

अश्विननं मान वळवली आणि गाडी झाडीत घुसता घुसता राहिली. त्यानं तशीच ती उलटी फिरवली, रुखमाबाईसकट!

टपरीवर नूतन पर्स काखेत मारून बसची वाट पाहत होती. अश्विननं तोंड उघडायच्या आत रुखमाबाई उतरली.

"बाई, भांडू नको. ह्याचं डोस्कं भरून वाहून राह्यलं. जिन्यात बसून रडला म्हनते. मी म्हनजे तूच समजून मले सांगत होता, आता मी तुले सांगून राह्यली."

नूतनचा राग कुठल्या कुठं गेला. "मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं ना," अश्विन म्हणाला. "फक्त तू मागं नव्हती."

तिनं पर्समधून फोन काढून त्याच्या हातात दिला. साहेबांनी सुट्टी लगेच दिली, वर म्हणाले, "तू कधी मागतोस याचीच वाट पाहत होतो." अश्विनला हे अपमानास्पद वाटायला हवं होतं, पण त्याला नुसतं हलकं वाटलं. फोन नूतनला परत देऊन तो पाच मिनिटांसाठी म्हणून बाकड्यावर टेकला.

जाग आली तेव्हा अंगावर नूतनची ओढणी होती. गाडी नव्हती, बायको नव्हती, म्हातारीही नव्हती.

"लहानूभाऊ, माही बायको?"

"बुढीले घरी सोडाले गेली. नाटक रातभर चालते, त्याइले उठवू नका म्हने."

म्हणजे या खेपेला मागं राहिला होता तो. अश्विननं जरा वेळ रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

"आली तं सांगा, अजून उठलाच नाई म्हना."