प्रतिवादी क्रमांक दोन: खाडी

त्या सकाळी बांधावर चिंबोरीने पोखरलेले, मूठ जाईल एवढे एक भोक होते. शिवाय तीन फावडी, दोन घमेली, हवा तेवढा चिखल आणि अकरा माणसे होती. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती. ओहोटी असल्यामुळे घाई नव्हती.

गडबच्या पलीकडे, खाडीकाठच्या या गावात भोकाबाबतची रीत जुनी होती. ज्याला दिसेल त्याने ते बुजवावे आणि घरी जाऊन चहा प्यावा. भोक कोणाच्या हद्दीत आहे हे कोणी विचारत नसे. खारे पाणी एकदा शेतात शिरले की तीन वर्षे भात होत नाही, आणि शिरताना ते सातबारा बघत नाही.

महिपती म्हात्रेंनी फावडे उचललेच होते. तेवढ्यात साईराज पुढे झाला. तो कायद्याच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसला होता, त्यामुळे पहिल्या वर्षाचा कायदा त्याला दुप्पट येत असे.

"काका, तुम्ही बुजवलंत म्हंजे भोक तुमचं हाय असं कबूल केलंत. उद्या बांध फुटला तर गावाची भरपाई तुमच्या अंगावर."

भोक नेमके महिपतींची जमीन संपते आणि त्यांच्या दिवंगत चुलतभावाच्या बायकोची, बायजाबाईंची, सुरू होते तिथे होते. महिपतींनी फावडे खाली ठेवले. बायजाबाईंनी भरलेले घमेले खाली ठेवले. दोघांना शहाणपण एकाच वेळी सुचले.

महिपतींनी पेणचे दिनानाथ वकील गाठले. ते म्हणाले, केस मजबूत आहे. वादपत्रात त्यांनी मागितले, की सदर भोक वादीचे नाही असे जाहीर व्हावे. सोबत निशाणी पाचचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज जोडला, की निकाल लागेपर्यंत भोकाला कोणी हात लावू नये, कारण भोक हाच मुख्य पुरावा आहे.

बायजाबाईंच्या वकिलांनी लेखी कैफियत दिली. तीत रिवाजाप्रमाणे वादपत्रातील एकूण एक मजकूर नाकबूल केला. 'खाडीला दिवसातून दोनदा भरती येते, हे वादीचे म्हणणे खोटे व बनावट असून वादीने ते शाबीत करावे.' महिपतींनी शाबीत करण्यासाठी मुदत मागितली. मुदत मिळाली. त्या मुदतीत भरती दिवसातून दोनदा आली.

निशाणी पाचवर हुकूम झाला: जैसे थे.

पहिल्या उधाणात मुठीचे भोक घागरीएवढे झाले. हे जैसे थे नव्हते. महिपतींनी हुकूमभंगाचा अर्ज दिला. बायजाबाईंनी म्हणणे दिले, की भंग आपण केला नसून खाडीने केला. मग खाडी ही आवश्यक पक्षकार ठरली आणि वादपत्रात दुरुस्ती झाली. प्रतिवादी क्रमांक दोन: खाडी, वय अज्ञात, धंदा भरती-ओहोटी, राहणार बांधापलीकडे.

बेलीफ समन्स घेऊन गेला तेव्हा ओहोटी होती. 'सदर प्रतिवादी पत्त्यावर मिळून आली नाही,' असा शेरा त्याने मारला. पुढच्या खेपेस समन्स बांधाजवळच्या खुंट्यावर डकवले. दुपारच्या भरतीने ते नेले. प्रतिवादीने समन्स स्वतः स्वीकारल्याचा अहवाल दाखल झाला.

अमावास्येच्या उधाणाला पाणी भोकातून आत येऊन महिपतींच्या लावणीला टेकले. महिपती बांधावर धावले. बायजाबाई आधीच तिथे उभ्या होत्या. पायाशी चिखलाचे घमेले होते.

"टाका भावोजी," त्या हळूच म्हणाल्या. "मी नाय बघत."

आणि त्यांनी खरेच तोंड फिरवले. महिपतींनी फावडे भरले, उचलले आणि मागे पाहिले. गाव जमला होता. हाताहातांत मोबाईल वर धरलेले होते, आणि साईराज सांगत होता की काकांनी स्वतःच आणलेली मनाई काका मोडतात का, ते नीट घ्या.

"वहिनी," महिपती म्हणाले, "तुमी नाय बघत. पन ते बघतात."

त्यांनी फावडे रिकामे केले, भोकात नव्हे, बांधावरच.

खाडी एकाही तारखेला हजर राहिली नाही. तिच्याविरुद्ध एकतर्फी चालवून दावा मंजूर झाला. भोक वादीचे नाही. भोक प्रतिवादी क्रमांक एक हिचेही नाही. ते प्रतिवादी क्रमांक दोनचे असून तिने ते स्वखर्चाने बुजवून द्यावे. दोन्ही पक्षांनी पेढे वाटले. निकाल आपल्या बाजूने लागला यावर गावात प्रथमच एकमत झाले.

हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी रोह्याहून कोर्ट कमिशनर आले. ते होडीतून आले, कारण बांधावरून येता येत नव्हते. दोन्ही जमिनींमधला हद्दीचा दगड पाण्याखाली असल्याने त्यांना दिसला नाही. त्यांनी टेप लावली आणि पंचनामा लिहून घेतला.

भोकाची रुंदी एकेचाळीस फूट. पाण्याखालील शेती, संपूर्ण. जागेवर चिखल, हवा तेवढा. उपस्थित माणसे एकशे बारा. फावडी, शून्य.