बायजाकाकूंचे गावठी टोमॅटो

बायजाकाकू टोमॅटो देतात तो उसना. म्हणजे खायचा आपण, पण बिया संध्याकाळी वाटीत घालून परत करायच्या. विसरलात तर काकू दारात हजर. "गर खाल्लास, बरं केलंस. बी कुठं हाय?" कडाव गावात आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, त्यामुळे आमच्याकडची कोशिंबीर नेहमी बिनबियांची. पाहुण्यांनी विचारलं की आम्ही पथ्य म्हणून सांगतो.

बरं, टोमॅटो तरी देखणा असावा! भोपळ्यासारख्या चुण्या पडलेला, देठाशी हिरवा, वर तडकलेला. आंबट असा की डोळा आपोआप मिटतो. बाजारातला गुळगुळीत टोमॅटो काकू हातातही धरत नाहीत. "त्याचं बी पेरलं तर पोर बापावर जात नाय. असला कसला टमाटा!" कोणी जास्त समजावायला गेलं की ठरलेलं उत्तर, "मी नाय ऐकायची." आणि त्या बिया राखेत घोळवायला बसतात.

यंदा त्यांच्या मुलाने, संतोषने, परसात खोल्या काढायचं ठरवलं. शनिवार-रविवार मुंबईची माणसं राहायला येतात, निम्म्या गावाने खोल्या काढल्यात. जेसीबी दारात आला तेव्हा फळं ऐन रंगावर होती. काकूंनी पिशवीत दोन लुगडी कोंबली, "मी म्हायेरी चालले" म्हणाल्या आणि तरातरा निघाल्या. गेल्या कुठे, तर परसात! टोमॅटोच्या वाफ्यात मधोमध पाट टाकून बसल्या. जेसीबीवाला इंजिन बंद करून तंबाखू मळू लागला.

संतोषने मला मध्ये घातलं. मी म्हणालो, "काकू, बी कुंडीतही लागेल की. उठा आता."

"मी नाय ऐकायची."

मग आपणहून बोलल्या. "माझं लगीन झालं आन पाठोपाठ आमचं गाव धरणात गेलं. घर सोडताना आईनं हे बी माझ्या पदरात बांधलं. आता आईबा पन नाय. सासरी रुसलेली बाई म्हायेरी जाते. मी कुठं जाऊ रं, पाण्यात? इतकी वर्सं रुसले का हितं येऊन बसते. कुणाला कळलं पन नाय."

मला फार वाईट वाटलं, आणि त्या खोल्यांचा रागही आला.

संतोष मागेच उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. जेसीबीवाल्याला त्याने परत पाठवलं आणि वाफ्यापाशी आला. "चल आये, न्यायला आलोय."

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"असं उभ्या उभ्या न्यायला येतात व्हय? चपला काढ, पाय धू. पयल्यांदा आजोळी आलायस, जेवल्याबिगर सोडायची नाय."