टेंभरेकाकांचे रिकामे बॉम्ब

तुम्ही शेजाऱ्याकडे चहाला गेलात तर बिस्किटांच्या बशीशेजारी हातबॉम्ब असतो का? नसतो ना? मग तुम्ही सुखी आहात. मी गोंदियाजवळ फुलचूरला टेंभरेकाकांच्या भिंतीला भिंत लावून राहतो.

बॉम्ब रिकामे आहेत, हे आधीच सांगतो, नाहीतर काका मलाच झोडपतील. "बॉम्ब म्हनू नको, मास्तर! खोळ म्हन, खोळ! आत काईच नाई, तुह्या डोक्यासारखं!" हे पोस्टमननं ऐकलंय, गॅसवाल्यानं ऐकलंय, एकदा तपासायला आलेल्या पोलीस जमादारांनीही ऐकलंय. बिचारे जमादार! सगळ्या खोळी रिकाम्या असल्याची खात्री करून निघाले, तर काकांनी दारात अडवून इटलीचा लाल गोळा आणि जर्मनीचा लाकडी दांड्याचा, यातला फरक समजावला. सुटका झाल्यावर ते मला म्हणाले, "सर, इनको दुसरा कोई शौक नहीं मिला क्या?"

तेच तर! नक्षलवाद्यांचं देवरीचं जंगल ज्या जिल्ह्यात, तिथं असला शौक करावा का माणसानं? लोक रेल्वेतून रिटायर झाले की शेतावर धानाची बांधी बघतात, नातवंडं खेळवतात. हे भंगारवाल्याकडे जाऊन बसतात. गंजलेला गोळा हाती लागला की लोहचुंबक लावायचं, भिंगातून खाचा बघायच्या, तळाची खूण शोधायची. "आपला नाई हा. बाहेरचा होय." मग डिझेलमध्ये भिजवायचा, जुन्या टूथब्रशनं घासत बसायचं. वास सगळा आमच्या स्वयंपाकघरात! माझी बायको म्हणते, वरणाला फोडणी मी देते की टेंभरेकाका, तेच कळत नाही.

सगळ्यात लाडका जपानी. मातीचा! दुसऱ्या महायुद्धात जपान हरत आला, लोखंड पुरेना, तेव्हा त्यांनी मातीचे बॉम्ब भाजले म्हणे. दिसायला थेट मिठाची बरणी. "गोंदियात कोनाकडं असन त दाखव!" अहो, कोणाकडं कशाला असेल?

काकांची इच्छा एकच. आपल्या खोळी काचेच्या कपाटात लागाव्या आणि चार शहाण्या माणसांनी बघाव्या. त्यासाठी कॉलेजचे उंबरे कोणी झिजवले? मी. प्रदर्शन कोणी ठरवलं? मी. कॉलेजचे दोन प्राध्यापक बघायला आले, खूश झाले. फक्त म्हणाले, "या मातीच्या गोळ्यावर लाल डाग आहे, तेवढा स्वच्छ करा."

"नाई करत," काका म्हणाले.

"मग तो सोडून बाकीचे द्या."

"मंग काईच देत नाई. निंघा!"

निंघा! माझ्यादेखत! ते गेले तसा मी भडकलो. जन्मभर जगाचा गंज घासता, आणि एका डागासाठी हाती आलेलं घालवता? डोकं ठिकाणावर आहे का? मी टूथब्रश उचलला, बरणी ओढली. "तुम्ही नाही, तर मी घासतो!"

काकांनी माझं मनगट धरलं. आता ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. ते ओरडलेच नाहीत.

"कुंकू होय थे," म्हणाले. "तुह्या काकूनं लावलं. दसऱ्याले विळा, पावडा, सायकल, समद्याइले लावलं, तसं यालेबी लावलं. मी लय बोललो तिले. एवढी जपानी वस्तू खराब केली म्हनलं, पुसून दे म्हनलं. गपच बसली. दिवाळीच्या आत गेली, मास्तर. पुसाचं राहूनच गेलं."

मी ब्रश खाली ठेवला. मला अजून राग येत होता. पण कोणाचा, ते सांगता येईना. काकू गेल्या तेव्हा हाच माणूस अंगणात बसून पाहुण्यांवर खेकसत होता, आणि मी घरी येऊन म्हणालो होतो, याला काळीजच नाही.

प्रदर्शन बुडालं ते बुडालंच. दसऱ्याच्या सकाळी मी गाडी धूत होतो, तर काका कुंपणापाशी उभे. हातात स्टीलची परात, त्यात घासूनपुसून लख्ख केलेल्या सगळ्या खोळी.

"तुह्या बायकोले बोलाव. हे बाकीचे कोरेच राह्यले."

"मग लावा ना तुम्हीच!" मी खेकसलो. "हात नाहीत का तुम्हाला?"

काकांनी आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडे बघितलं.

"लावाले जमत नाई न, बावा," ते म्हणाले. "मले पुसताच येते."