सहाशे वारांवरचं काडतूस

काडतुसातलं मला कळतं तेवढं अख्ख्या भोर संस्थानात कुणाला कळत नाही, असं माझं अडतीस साली प्रामाणिक मत होतं. मी शस्त्रागारात कारकून होतो आणि तिथल्या याद्या मला तोंडपाठ होत्या.

त्या वर्षी भोरला सहाशे वार अंतरावरच्या नेमबाजीची स्पर्धा ठरली. आमच्याकडून मार्गासनीचे सावळाराम हवालदार उतरणार होते. मेसोपोटेमियाची लढाई पाहून आलेला माणूस, बोलणं मोजकं. नेम चांगला लागला तर त्यांना पोलिसांना नेमबाजी शिकवणारे उस्ताद नेमायचं फौजदारसाहेबांच्या मनात होतं.

काडतुसं दोन जातींची होती. एक टोकदार, हलकं. दुसरं जुनं, बोथट आणि जड. मी जड निवडलं.

"जड गोळी वाऱ्याला दाद देत नाही," मी सांगितलं.

"बंदुकीला चालंल का, आनंदराव?" हवालदारांनी विचारलं.

"बंदुकीला काय कळतंय?"

शेजारच्या संस्थानातून आलेले पाहुणे मानसिंग आधी गोळ्या झाडून गेले. दहातल्या नऊ गोळ्या निशाणाच्या मधल्या काळ्यात. मग हवालदार पालथे झाले. पहिली गोळी सुटली आणि निशाणाच्या अलीकडंच धुरळा उडाला.

"वारा!" मी म्हणालो. "जरा डावीकडं धरा."

दुसरीलाही धुरळाच. तेवढ्यात निशाणाखालच्या खंदकातून पांढरं काहीतरी वर आलं. गोळी काळ्यात लागली की त्या खंदकात बसलेला आमचा शिपाई गेनू पांढरी तबकडी दाखवायचा. लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही उठून चारी दिशांना नमस्कार केला.

पण ते पांढरं जोरजोरात हलू लागलं. ते गेनूचं मुंडासं होतं, काठीला बांधलेलं. गोळ्या खंदकाच्या बांधावर आदळत होत्या आणि ढेकळं त्याच्या डोक्यावर पडत होती.

"म्या काय केलंय तुमचं?" तो तिथून ओरडत होता.

लोक हसून लोळले. हवालदार हसले नाहीत. त्यांनी एक काडतूस तळहातावर तोललं, बोथट टोकावरून अंगठा फिरवला.

"ही गोळी दमानं जाती, म्हून खाली पडती. बंदुकीवरच्या अंतराच्या खुणा टोकदार गोळीच्या हायेत."

त्यांनी सहाशेची खूण सोडून साडेसातशेची लावली आणि श्वास धरला.

पांढरी तबकडी. पुन्हा पांढरी. उरलेल्या आठच्या आठ काळ्यात गेल्या. मानसिंगांनी येऊन उरलेलं एक बोथट काडतूस उचललं, पाहिलं आणि हवालदारांपुढं मान झुकवली.

"जिंकलो मी," ते म्हणाले, "पण असली गोळी मला दिली असती तर चारही लागल्या नसत्या."

फौजदारसाहेबांनी विचारलं, "ही काडतुसं कुणी निवडली?"

मी मानसिंगांच्या आडोशाला सरकलो.

"आदी तपासायचं काम माजं व्हतं, साहेब," हवालदार म्हणाले. "चूक माजी."

साहेबांनी त्यांना तिथंच उस्ताद नेमलं. गर्दी पांगल्यावर हवालदार माझ्याकडं वळले.

"आनंदराव, तुमी कवा बंदूक झाडलीया का?"

"नाही," मी कबूल केलं. त्यांनी मला तिथंच पालथं पाडून हातात बंदूक दिली.

मी झाडलेल्या त्या गोळीचं काय झालं, हे अजून कुणाला कळलेलं नाही. गेनू मात्र शपथेवर सांगतो, की निशाणाकडं ती आलीच नाही.